उपरण्याखालचा सौदा

आमच्या घरात एक बहिरं माणूस होतं आणि त्याच्या वतीने ऐकणारं दुसरं एक माणूस होतं. बहिरे ते काका, माझ्या सासऱ्यांचे थोरले भाऊ. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही, आणि कान नेमके कधी गेले ते त्यांनाही सांगता येत नसे. "एका वर्षी आपला कोंबडा आरवायचा बंद झाला," एवढंच ते म्हणत. त्यांच्या वतीने ऐकणारे ते माझे मोठे दीर. मी त्यांना भावजी म्हणत असे, म्हणजे मनातल्या मनात म्हणत असे. मोठ्या दिरासमोर तोंड उघडायची आमच्यात रीत नव्हती.

गावातला कोणी काकांशी बोलायला आला की भावजी कुठूनही उगवत. गोठ्यात असले तर शेणाच्या हातांनी, जेवत असले तर खरकट्या हातांनी. "माझ्याशी बोला. मी काकांचा कान हाय," असं ते छाती पुढे काढून सांगत. मग आलेल्या माणसाचं बोलणं ऐकून घ्यायचं, मान डोलवायची, आणि काकांच्या डाव्या कानाला तोंड लावून एवढ्या मोठ्याने ओरडायचं की झाडावरचे कावळे उडावेत. काकांचा उजवा कान पार गेला होता. डाव्यात थोडी धुगधुगी होती, आणि त्या धुगधुगीवर भावजींचं राज्य होतं.

मी लग्न होऊन किन्हवलीजवळच्या त्या गावात आले तेव्हा स्वातंत्र्य नवं होतं आणि माझी लुगडीही नवी होती. सासरे आधीच गेले होते. घरात भावजी, जाऊबाई, त्यांची पोरं, काका, आमचे हे आणि मी. आल्या आल्या माझ्या लक्षात आलं की घरात दोन आवाज आहेत. काकांनी ऐकावं असं जे काही असेल ते ओरडून बोलायचं, आणि ऐकू नये असं त्यांच्या समोर बसूनच, नेहमीच्या आवाजात. "काका, गाय हंबरते, बघा जरा!" हे ओरडून. "दूध कमी हाय, काकांना कोराच चहा दे," हे हळू. काका कोरा चहा प्यायचे आणि कपात बघत राहायचे. दुधाचा चहा हा त्यांच्या जिवाचा मोठा शौक होता, पण दूध कुठे जातं ते विचारायला त्यांच्याकडे कान नव्हता आणि होता तो भावजींच्या ताब्यात होता.

काका काही भिकारी नव्हते. त्यांच्या वाटणीचं भाताचं शेत होतं. डोंगराच्या अंगाला वरकस जमीन होती. वरकस म्हणजे जिथे भात होत नाही पण गवत कमरेएवढं वाढतं ती जमीन. मुंबईच्या तबेल्यांना गवत लागायचं, म्हणून कल्याणचे व्यापारी आमच्याकडे दिवाळीनंतर फेऱ्या मारायचे. शिवाय काकांची एक बैलजोडी होती, वासरं असल्यापासून त्यांनी स्वतः वाढवलेली. ते बैल काकांचे, नांगर भावजींच्या शेतावर चाले, आणि वैरण मात्र काकांच्या गवतातून जाई. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात, ते मी आधी नुसतं ऐकलं होतं.

एका दिवाळीनंतर गवताचा व्यापारी आला. ओटीवर बसला. मी आत जात्यावर दळायला बसले होते, आणि दार उघडं होतं. व्यापारी म्हणाला, "उभं गवत, सगळ्या माळाचे साठ देतो." भावजींनी मान डोलवली, काकांच्या डाव्या कानाला लागले आणि गर्जले, "चाळीस म्हंतो, काका! चाळीस!" काकांनी थोडा विचार केला आणि मान डोलवली. व्यापाऱ्यानेही मान डोलवली. सगळ्यांचं एकमत झालं. इतका गोड सौदा मी कधी पाहिला नव्हता.

माझ्या हातातला खुंटा तसाच राहिला. ओरडून सांगावं असं वाटलं, आणि तिथेच तर सगळी गोम होती. सुनेने चुलतसासऱ्यासमोर आवाज चढवायचा नाही ही रीत, आणि आवाज चढवल्याशिवाय चुलतसासऱ्यांना ऐकू येत नाही हे सत्य. मोठ्या दिराविरुद्ध तर बोलायचंच नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा. अक्षर मला चौथीपर्यंतचं येत होतं, पण काकांना एकही येत नव्हतं, त्यामुळे लिहून दाखवायचाही प्रश्न नव्हता.

संध्याकाळी मी आमच्या ह्यांना सांगितलं. आमचे हे म्हणजे शांत माणूस. इतके शांत की त्यांच्या पाटावर मांजर येऊन बसलं तर हे उभे राहून जेवतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, सुपारी कातरली आणि म्हणाले, "आपलेच दात आपलेच ओठ." मी म्हटलं, दात ओठ खातायत ते दिसत नाही का? त्यावर म्हणाले, "दादा मोठा हाय. काकांना ताप आला तेव्हा त्यानंच पाठुंगळी घेऊन शहापूरच्या डॉक्टराकडं नेलं होतं. आपण नेलं का?"

हे मात्र खरं होतं, आणि म्हणूनच मला जास्त राग आला. भावजी वाईट नव्हते. काकांना पाठीवर घेऊन चिखलातून चालायला त्यांना लाज वाटली नाही. नुसता ताप असता तर त्यांनी काकांना शंभर वर्षं जगवलं असतं. पण पैसा दिसला की त्यांना वाटे, हा काकांकडे राहून काय करणार? म्हाताऱ्याला काय लागतं? दोन भाकऱ्या, कोपरा आणि कोरा चहा.

मग मी स्वतःच काकांना सांगायचं ठरवलं. खळ्यावर भात झोडायला गेलो होतो आणि आजूबाजूला कोणी नव्हतं. मी काकांसमोर गेले, पदर नीट केला, ओटीकडे बोट दाखवलं, गवताकडे दाखवलं आणि सहा बोटं वर केली. काकांनी माझी बोटं निरखून पाहिली. "सहा भाकऱ्या?" ते म्हणाले. "आज कोन येनार हाय?" मी नाही म्हणून मान हलवली, पुन्हा सहा दाखवली, मग चार दाखवली आणि चार मोडून टाकली. काका म्हणाले, "चार पुरं झाल्या गो. मना दोनच लागतात." मी तिथून निघून आले. त्या रात्री जेवताना काका सगळ्यांना सांगत होते की धाकटी सून फार जेवू घालते. ओरडून सांगत होते, कारण बहिऱ्या माणसाला हळू बोलता येत नाही. जाऊबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझ्या ताटातलं अर्धं परत ठेवावंसं वाटलं.

त्याच थंडीत काकांनी जाहीर केलं की बैल विकायचे. गुडघे गेले, नांगरामागे चालणं होत नाही, मग बैल कशाला? मुरबाडजवळ म्हशाला मोठी जत्रा भरते, तिथे जोडी द्यायची आणि एक दुभती म्हैस आणायची. दूध शहापूरच्या हॉटेलाला घालायचं, आणि उरलेलं आपण प्यायचं. "म्हस दारात असली की म्हातारा कोनाच्या तोंडाकडं बघत नाय," असं ते सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. त्या एका वाक्यात त्यांची पुढची सगळी वर्षं होती. म्हैस आली तर चहा त्यांचा, दुधाचे पैसे त्यांचे, आणि हॉटेलवाल्याशी बोलायलाही कान लागत नाही, शेर मोजला की झालं.

भावजी आनंदाने ओरडले, "येतो ना मी! तुमाला कुठं ऐकू येतं तिथं? जत्रेत सगळे ठक असतात." आणि मग नेहमीच्या आवाजात, काकांच्या समोरच, जाऊबाईंना म्हणाले, "म्हस कशाला? येतील ते पैशे माझ्याकडं राहू दे. काकांना सांगू बाजारात म्हस चांगली नव्हती. चहा काय, आपन देतोच." जाऊबाई म्हणाल्या, "दुधाचा?" भावजी म्हणाले, "कधीमधी." मी चुलीजवळ होते. माझ्या हातातली फुंकणी मी इतक्या जोरात फुंकली की राख सगळ्यांच्या डोळ्यांत गेली. तेवढं मला करता आलं.

पौषातल्या थंडीत आम्ही निघालो. गाडीला भावजींची जोडी होती, हाकायला आमचे हे होते, गाडीत आम्ही बायका आणि पोरं, मागे काका चालत आणि त्यांच्या हातात त्यांच्या जोडीचा कासरा. गाडीत बसा म्हटलं तरी बसले नाहीत. किन्हवलीवरून सरळगावला आलो आणि तिथून मुरबाडकडे वळलो. रस्ताभर बैलांच्या घंटा. भावजींनी दोनतीनदा मागे जाऊन कासरा मागितला, "द्या, दमलात." काकांनी दिला नाही. मला तेव्हा वाटलं की त्यांना बैल सोडवत नाहीत. शिंगांना त्यांनी घरी बसून रंग लावला होता, आणि तो थोडा त्यांच्या मिशीलाही लागला होता.

म्हशाचा बैलबाजार ज्यांनी पाहिला नाही त्यांना एक गोष्ट सांगायला हवी. घोंगड्यांच्या बाजारात कलकलाट, पाळण्यांपाशी कलकलाट, बांगड्यांपाशी तर विचारू नका. पण बैलांच्या बाजारात जिथे सौदा चालतो तिथे कोणी भाव बोलत नाही. घेणारा खांद्यावरचं उपरणं काढतो, आपल्या हातावर टाकतो आणि देणाऱ्याचा हात त्याखाली घेतो. पुढचं सगळं बोटांवर. बोट धरलं की शेकडा, पेर दाबलं की दहा. नको असेल तर हात झटकायचा, हवं असेल तर आपण उलट धरायचं. बाजूला उभ्या असलेल्याला दिसतं ते फक्त हलणारं उपरणं आणि दोन गंभीर चेहरे. भाव घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला ठाऊक, तिसऱ्याला नाही. आणि देणारा म्हणजे ज्याच्या हातात कासरा तो.

भावजींना ही रीत माहीत नव्हती असं नाही. लहानपणापासून ते जत्रेला येत होते. पण इतक्या वर्षांत काकांच्या वतीने ऐकायची त्यांना अशी सवय लागली होती की ऐकण्यासारखं काही नसलं तरी ते ऐकत.

एक मुरबाडकडचा हेडी, म्हणजे बैलांचा व्यापारी, आमच्या जोडीपाशी थांबला. त्याने दात पाहिले, वशिंड दाबलं, जोडी दोन पावलं चालवून पाहिली. मी आणि जाऊबाई समोरच घोंगड्या बघत होतो, म्हणजे जाऊबाई घोंगड्या बघत होत्या. भावजी पुढे झाले आणि म्हणाले, "माझ्याशी बोला. काकांना ऐकू येत नाय." हेडी म्हणाला, "मग बरंच हाय," आणि त्याने उपरणं हातावर टाकून हात काकांपुढे केला. भावजींनी आपला हात मध्ये घातला. हेड्याने तो बाजूला सारला, रागाने नाही, दारातलं कोंबडं सारावं तसा. "कासरा कोनाच्या हातात हाय?"

काकांनी कासरा डाव्या हातात घेतला आणि उजवा उपरण्याखाली घातला.

हेड्याने हात नीट बसवून घेतला. अजून काही सुरूही झालं नव्हतं, तोच भावजी सवयीने काकांच्या डाव्या कानाला लागले आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असे ओरडले, "अडीचशे म्हंतो, काका! अडीचशे!"

हेड्याने मान वर केली. भावजींकडे बघितलं, मग उपरण्याकडे बघितलं, मग आजूबाजूच्या लोकांकडे. "आरं, मी अजून बोट धरलं नाय," तो म्हणाला. "याला अडीचशे कुठून ऐकू आलं?"

आधी शेजारचा एक हसला. मग त्याच्या पलीकडच्याने विचारलं काय झालं, त्याला सांगितलं, तो हसला. मग सांगणं पुढे पुढे गेलं आणि हसणं त्याच्या मागोमाग. कोणीतरी लांबून ओरडलं, "माझ्या गोऱ्ह्याचं पन सांग रे, कितीला जाईल!" भावजींचं तोंड उघडंच होतं.  आमचे हे गाडीच्या चाकाकडे असे वाकून बघत होते जसं काही चाक मोडलंय, पण त्यांचे खांदे हलत होते.

काकांना यातलं काही ऐकू आलं नाही. त्यांनी हसणारी तोंडं पाहिली, मग भावजींचं उघडं तोंड पाहिलं, जरा जास्तच वेळ पाहिलं, आणि तोंड फिरवून पुन्हा हेड्याकडे बघू लागले. उपरणं हललं. काकांनी मान हलवली, नाही. पुन्हा हललं. पुन्हा नाही. माझा जीव टांगणीला लागला होता. ह्या माणसाने सहा बोटांच्या सहा भाकऱ्या केल्या होत्या, हा आता काय धरून बसेल? काकांनी एकदा हात पूर्ण काढून घेतला आणि बैलांना वळवून चालायलाही लागले. हेड्याने धावत येऊन पुन्हा उपरणं टाकलं. काकांचा चेहरा मी घरात कधी पाहिला नव्हता असा होता. डोळे बारीक, ओठ घट्ट, आणि घाई अजिबात नाही. शेवटी उपरणं खूप वेळ एका जागी राहिलं, आणि दोघांनी एकदमच मान डोलवली.

पैसे काकांनी स्वतः घेतले, कमरेच्या कशात, म्हणजे पैशांच्या पिशवीत, कोंबले आणि धोतर वरून गुंडाळलं. मग दोन्ही बैलांच्या कपाळांवर हात ठेवून उभे राहिले. रडले नाहीत, पण उभे राहिले बराच वेळ. मी मात्र रडले, घोंगडीत तोंड घालून, आणि घोंगडीवाल्याला वाटलं मला भाव परवडत नाही. त्याने कमी केला.

दुपारी म्हैस घेतली, तीही उपरण्याखाली. ह्या वेळी भावजी चार हात लांब उभे होते. काळीभोर, आखूड शिंगांची, कपाळावर पांढरा ठिपका असलेली म्हैस, आणि दुधाची कासंडी भरेल एवढी कास.

परतताना सगळी गाडी म्हशीच्या चालीने चालली. सरळगावला गाडीचे बैल सोडून आम्ही भाकऱ्या काढल्या. भावजींना राहवेना. ते काकांजवळ सरकले आणि डाव्या कानात म्हणाले, "काका, किती आले?" काका भाकरी मोडत होते. "काय?" "किती आले म्हंतो बैलांचे?" "काय?" तिसऱ्यांदा भावजी इतक्या जोरात ओरडले की रस्त्यापलीकडचा चहावाला किटली घेऊन उभा राहिला. काकांनी कानामागे हात धरला, सगळं लक्ष देऊन ऐकलं, आणि खेदाने मान हलवली.

"ऐकू येत नाय रे," ते म्हणाले. मग कमरेवर थाप मारली. "झाकली मूठ सव्वा लाखाची."

आमचे हे मोठ्याने हसले. दादासमोर ते मोठ्याने हसलेले मी पहिल्यांदाच पाहिले. भावजींनी त्यांच्याकडे रागाने बघितलं, मग काकांकडे बघितलं, आणि तोंड पाडून म्हशीला पाणी दाखवायला गेले. पुढचा सगळा रस्ता म्हशीचा दोर त्यांनीच धरला. काका पाय पसरून गाडीत बसले आणि झोपले.

घरी पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी म्हैस पिळली. पाटीलकी मिळाल्यासारखे ते भरलेली कासंडी घेऊन आत आले आणि चुलीपाशी ठेवली. मी चहा केला, दुधाचा, आणि त्यांना ओटीवर नेऊन दिला. भावजी पलीकडे दोरखंड वळत बसले होते. मी खुणेने विचारलं, त्यांच्याकडे डोळ्यांनी दाखवून आणि भुवया आक्रसून, की राग नाही का आला?

काकांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि आपल्या नेहमीच्या आवाजात बोलले. तो आवाज गोठ्यापर्यंत जायचा.

"राग कशाचा गो? पोरानं गवताचं खाल्लं, ते मना कलत नाय का? येपाऱ्याच्या तोंडाकडं बघून भाव कलतो. खाल्लं तं खाल्लं, ताप आला तेव्हा पाठीवर घेतलंन् त्यानं. पन कान गेलं तवापासून मना कोनी काय इचारायचंच सोडलान्. सगला सांगतात. काका, ह्ये करा. काका, तिकडं बसा. त्या हेड्यानं माझा हात धरलान् आणि इचारलंन्, कितीला देशील. मना इचारलंन्." एवढं बोलून त्यांनी बशी तोंडाला लावली.

पलीकडे भावजींचा हात दोरावर थांबला होता. त्यांनी मान वर केली नाही.

मी रिकामा कप घेऊन आत गेले. चुलीवर आधण ठेवलेलं होतं. सूप हातात घेतलं आणि तांदूळ निवडायला लागले, आणि मग सूप खाली ठेवलं. तशीच ओटीच्या दाराशी आले. ओटीवर मोठे दीर बसलेले होते, अंगणात जाऊबाई होत्या, पलीकडच्या घरची म्हातारी कुंपणाशी शेण थापत होती. मी पदर डोक्यावर घट्ट ओढला, आणि आयुष्यात त्या घरात काढला नव्हता एवढा मोठा आवाज काढून ओरडले,

"काका! आज काय करू जेवायला? भात की भाकरी?"

कुंपणाशी थापणं थांबलं. जाऊबाईंचा तोंडावर हात गेला. काकांनी बशी खाली ठेवली, वळून माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर ते बाजारातले बारीक डोळे आले.

"थांब गो," ते म्हणाले. "जरा इचार करू दे."

आणि त्यांनी खरोखरच भरपूर वेळ घेतला. आम्ही सगळे थांबलो.